तू उठलीस आणि पंगत उठली

आत्या,

पंपवालीच्या शेअरचा भाव मी आज सकाळीही बघितला. चहा गाळताना हाताने आपोआप फोन उघडला आणि आकडा दिसताच मी जिन्याकडे निघाले. मग आठवलं की खाली विचारायला कुणी बसलेलं नाही. "मॅडम, वर का खाली?" असं तू तुझ्या खोलीतून ओरडायचीस आणि मी कठड्यावरून नुसता अंगठा दाखवायचे. वर किंवा खाली. आपलं बरंचसं बोलणं असंच झालं. शब्द तुझे, अंगठा माझा.

तेरावं होऊन गेलं. मांडवाचे बांबू अजून दाराशी पडलेत. पप्पा तुझ्या खोलीत जात नाहीत, दारातूनच दिवा लावतात आणि दारातूनच घालवतात. तेराव्यापर्यंत भेटायला येणारे तुझ्याबद्दल जे बोलायचे ते मी चहाचे कप नेताना ऐकायचे. जी फारशी बोलत नाही तिला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात. हे तूच मला एकदा हसत सांगितलं होतंस. ते म्हणायचे, जनाबाय मोठ्या मनाची होती. मग जरा थांबायचे, आवाज खाली यायचा. "पन शेवटाला आपला सोताचा बगितलान."

ते असं का म्हणायचे हे मला माहीत होतं. ते खोटं कसं होतं, हे फक्त मला माहीत होतं. आणि तू मला बोलायचं नाही म्हणून बजावून गेलीस.

संजूदादाच्या हळदीची पंगत तुला आठवत असणार. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. रांगेच्या टोकाला गावचे जुने सरपंच बसले होते. आपल्याकडे पंगतीतला मोठा माणूस उठल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि तो उठला की कुणी बसत नाही. सरपंच अर्ध्यातच उठले. औषधाची वेळ झाली होती म्हणे, पण ते कुणाला बोलले नाहीत, फक्त उठले. आणि त्यांच्यामागे अख्खी रांग उठली. पत्रावळींवर वडे तसेच, भात तसाच. बायकांनी तर नुकतं कुठे खायला घेतलं होतं. मम्मीने माझा दंड धरून मला उभं केलं, तेव्हा माझ्या हातात अर्धा वडा होता. मी रडले नाही. चारचौघांत रडायचीसुद्धा मला लाज वाटायची. तू समोरच्या रांगेतून आलीस, माझ्या शेजारी मांडी घालून बसलीस आणि मम्मीला म्हणालीस, "वैनी, तू जा." मग मला, "तू जेव. मी बसलीय."

पत्रावळी उचलणारे आपल्याला वळसा घालून गेले. तुझ्यापुढे पान नव्हतं. तू नुसती बसली होतीस, मांडव तुझ्या मालकीचा असल्यासारखी.

तेव्हापासून मी तुझी झाले. मम्मीला वाटायचं मी तुझ्याकडे टीव्ही बघायला जाते. टीव्ही तर तुझा होता, शेअर बाजाराचा, हिंदी चॅनेल, दिवसभर खाली पट्टी पळत असायची. भाडेकरूंशी भांडताना, सुकट निवडताना, भाकऱ्या थापताना तुझा एक डोळा त्या पट्टीवर. आणि त्यात तुझा शेठ. देशातला एवढा मोठा गुंतवणूकदार, त्याने एखादी कंपनी घेतली की दुसऱ्या दिवशी तिचा भाव चढायचा. त्याच्याबद्दल तू बोलायचीस मात्र मागच्या आळीतल्या माणसासारखी. "शेठ वालला गो. बायको जेवाया घालत नाय वाटतं." वाळला म्हणजे शेठच, तुझ्या घरचा कुणीतरी.

दर तीन महिन्यांनी कंपन्या आपल्या मोठ्या भागधारकांची नावं जाहीर करतात. ती नावं इंग्रजीत, बारीक अक्षरात. ते माझं काम होतं. "तुला इंग्लिश शालेत कशाला घातला? बग, शेठ हाय का." मी फोनवर बोट सरकवत जायचे आणि तू श्वास धरून माझ्या तोंडाकडे बघायचीस. "आहे," मी म्हणायचे. "बस मंग," तू म्हणायचीस आणि पुन्हा सुकट निवडायला लागायचीस. शाळेत मला कुणी विचारत नव्हतं. इथे माझ्या एका शब्दावर कुणाचा तरी श्वास सुटायचा. त्याचं मला किती वाटायचं हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

पंपवाली म्हणजे पाण्याचे पंप बनवणारी ती कंपनी. शेठने घेतली म्हणून तू घेतलीस, तू घेतलीस म्हणून नंदाकाकीने घेतली, आणि नंदाकाकीने घेतली म्हणून भिशीतल्या बाकीच्या बायकांनी. दुपारी सगळ्या तुझ्या ओट्यावर जमायच्या. समोरच्या घरातली नंदाकाकी, तुझी शाळेपासूनची मैत्रीण, सगळ्यांत मोठ्याने बोलायची. "काय शेठानी, तुजा शेठ माज्या सुनंला जरा कामाला लावंल का?" तू म्हणायचीस, "तुज्या सुनंला बगून तो बाजार सोडंल." सगळ्या हसायच्या. मी दाराआड उभी राहून हसायचे.

आणि मग एकदा शेठचं नाव यादीत नव्हतं.

मी दोनदा बघितलं. तू माझ्या तोंडावरूनच ओळखलंस. तोवर टीव्हीवाल्यालाही कळलं होतं, तो ओरडत होता, आणि भाव लोअर सर्किटला बसला होता. म्हणजे एका दिवसात जेवढा पडू देतात तेवढा पडून थांबलेला. विकायला सगळे उभे आणि घ्यायला कुणीच नाही. नंदाकाकी ओल्या हातांनी धावत आली. "जनाबाय, तुजा शेठ पलाला गो!" तिच्यामागे बाकीच्या. मी काहीतरी म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही. तेव्हा तू हात वर केलास. "थांबा. मॅडम बोलतेय."

मग मला बोलावंच लागलं. मी सांगितलं की एक टक्क्याच्या वर शेअर असतील तरच नाव छापतात. नाव गेलं म्हणजे माणूस गेलाच असं नाही, थोडे विकून तो एक टक्क्याच्या खाली आला असेल. किंवा त्याला दुसऱ्या कशासाठी पैसे लागले असतील.

"मंग त्यानं थोडाच इकला," तू म्हणालीस, "तर भाव येवडा पडला कसा?"

"बाकीचे विकतायत ना."

"ते कशाला इकतात?"

"त्याने विकले म्हणून. त्याला आतलं काहीतरी कळलं असेल, असं वाटतं सगळ्यांना."

तू म्हणालीस, "म्हंजे शेठनं वाटीभर नेला, आनि पातेला बाकीच्यांनी सांडला."

इतकं स्वच्छ मला कुणी कॉलेजातही शिकवलं नव्हतं. मग तू बायकांकडे वळलीस. "गच्चीवरचा पंप चालतो का तुमचा? चालतो ना? मंग बसा गप." आणि त्या बसल्या. मला तेव्हा थोडी भीती वाटली होती. त्या पंपाच्या भरवशावर बसल्या नव्हत्या. तू बसली होतीस म्हणून त्या बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी आपलं भांडण झालं. मी म्हणाले, "त्याचे शेअर, त्याची मर्जी. तो कशाला कुणाला कारण सांगेल?" तू चिडलीस. "ज्याच्या मागं मानसा बसलीत, त्यानं उठताना सांगाया पायजे. येवडाच सांग ना, मना औषध घ्यायचा हाय, तुमी जेवा." मला सरपंच आठवले. तुलाही तेच आठवत होतं. मी म्हणाले की बाजार म्हणजे गावची पंगत नव्हे. "मंग काय हाय?" तू विचारलंस. मी हार मानली नाही. आपण दोघी फुगून बसलो. नंतर तू मला आंबोशी दिलीस, ती मी खाल्ली. भांडण तिथेच राहिलं.

ते पुन्हा सुरू झालं रिक्षात. वाशीच्या हॉस्पिटलातून परत येताना. रिपोर्टची पिशवी तू पदराखाली धरली होतीस, जणू कुणी बघेल. सानपाड्याच्या सिग्नलला तू म्हणालीस, "उद्या पाटकरला फोन लावून दे. पंपवाली सगली इकायची." पाटकर म्हणजे नेरुळचा तुमचा ब्रोकर, गल्लीतल्या सगळ्या बायकांची खाती त्याच्याकडेच. भाव तोवर अर्धामुर्धा सावरला होता, अजून घेतला त्याच्या खालीच होता. मी म्हणाले, पप्पांना सांगू. "दादाकडं हात नाय पसरनार."

"मग निदान नंदाकाकीला सांग. का विकतेस ते. तूच म्हणाली होतीस, उठताना सांगायला पाहिजे."

तू बाहेर बघतच म्हणालीस, "माजा दुखना, माजी मर्जी."

माझंच वाक्य तू मला परत दिलंस. आणि मी, जी तेव्हा शेठच्या बाजूने भांडले होते, मी आता तुझ्या बाजूने भांडत होते, तुझ्याविरुद्ध. आपण बाजू बदलल्या होत्या. हे तुझ्याही लक्षात आलं असणार, कारण तू हळूच हसलीस. "आजारी मानसाचा भाव पडतो गो. आज गल्लीला कलला, तर उद्या सकाली लोवर सर्किट. बोलनार कोन नाय, सगले नुस्ते बगून जानार."

"नंदाकाकी तशी नाही."

"तेच तर. ती रडंल." तू माझं मनगट धरलंस. "तू नाय बोलायचा."

न बोलण्यासाठी मला कुणी कधी शपथ घातली नव्हती. तशी गरजच पडत नाही. मला वाटतं, म्हणूनच तू मला बरोबर नेलं होतंस.

तू विकलेस त्या दिवशी बाजारात काहीही झालं नाही. मी मुद्दाम बघत होते. भाव तसाच, पट्टी तशीच. शेठने विकले तेव्हा देशभर गडबड झाली आणि तू विकलेस तर पानही हललं नाही. बाजाराला तू माहीत नव्हतीस. गल्लीला होतीस. दुसऱ्या दिवशी नंदाकाकीने पाटकरला कशासाठी तरी फोन केला आणि तो बोलून गेला, "जनाबायनी कालच काढले की सगळे."

ती ओट्याशी आली. बसली नाही. "खरा हाय?"

"हाय."

"कशाला?"

"मना वाटला."

एवढंच. मी दाराआड होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं होतं, आता तरी सांगशील. नंदाकाकी थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून, ती खरंच कारणाची वाट बघत होती. मग ती गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विकले. जनाबायला काहीतरी आतलं कळलंय, असं त्यांनी धरलं. तू कारण दिलं नाहीस, म्हणून त्यांनी स्वतःच एक कारण लावलं, आणि ते तुझ्या खऱ्या कारणापेक्षा कितीतरी पटण्यासारखं होतं.

पुढे पंपवाली चढली. त्यांनी घेतली होती त्याच्याही वर गेली. शेठचं नाव यादीत परत आलं, तो थोडासाच खाली सरकला होता. मी ते तुला सांगितलं तेव्हा तू नुसती "हाय ना?" म्हणालीस आणि कूस बदललीस. ओट्यावर आता कुणी बसत नव्हतं. एकदा तू पाणी भरत होतीस आणि नंदाकाकी रस्त्यावरून, कुणाला तरी सांगितल्यासारखं, मोठ्याने म्हणाली, "आमाला बसवलान, आनि सोता हात धुतलान." तू हसलीस. आत येऊन टीव्ही बंद केलास. भर बाजाराच्या वेळेत तू टीव्ही बंद केलेला मी पहिल्यांदा बघितला.

तू हॉस्पिटलात असायचीस तेव्हा आम्ही घरचे गल्लीला सांगायचो, मावशीकडे अलिबागला गेलीय. पैसे कुठून आले हे तू पप्पांनाही सांगितलं नव्हतंस. परत यायचीस ती तोंडाला पावडर लावून. "समुद्राची हवा मानवली वाटतं," कुणीतरी म्हणायचं, त्यात टोमणा असायचा. मला तुझा राग यायचा, आत्या. खरंच यायचा. एवढी माणसं ओळखणारी तू, तुला एवढं कळू नये? शेवटच्या वेळी, तुझ्या हाताला सुई होती आणि मी तुझ्या पायांशी बसले होते, मी विचारलं, "सांगू का तिला आता?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "मंग बगू."

मग बघायला तू राहिली नाहीस. तू नाही म्हणाली नव्हतीस, एवढं मी धरून बसले आहे.

तू गेलीस तेव्हा नंदाकाकी आली नाही. समोरचं दार, पण आली नाही. तेराव्याला आली, कारण तेराव्याला न येणं म्हणजे गल्लीत कायमचं तोडणं. बायकांची पंगत बसली. तुझ्या नावाने वाढलेल्या पानावर मम्मीने मला बसवलं, रांगेच्या टोकाला. भात, वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, वडे, खीर, सगळं तुझ्या आवडीचं. जागा उरली नव्हती म्हणून नंदाकाकीला माझ्या शेजारी बसावं लागलं. मी पहिला घास घेतला तेव्हा ती पानाकडे बघतच म्हणाली, "शेठानीचा पान हाय. लवकर उठशील."

दोघी-चौघी हसल्या. मोठ्याने नाही.

आत्या, मी ठरवून काही केलं नाही.  मी म्हणाले, "काकी, तिला आतलं काही कळलं नव्हतं." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तिला हॉस्पिटलात पैसे भरायचे होते. म्हणून विकले."

"कवा?"

"तेव्हाच. विकले तेव्हा."

रांगेतले हात थांबले. वाढणारी मुलगी खिरीचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

"तवा तर ती अलिबागला जात होती."

"अलिबागला कधीच गेली नव्हती."

नंदाकाकीचा हात भातात होता. तो तिथेच राहिला. "तुला ठाव व्हता?"

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून घेऊन फिरते आहे. तू म्हणाली होतीस ती रडेल. ती रडली नाही. "मना सांगायचा ना गो," ती म्हणाली, माझ्याशी नाही, पानाशी. "मी काय शेर धरून बसली व्हती? पेज घेऊन आली असती मी. रोज आली असती."

"तिला वाटलं तुम्ही रडाल."

"रडली असती. मंग? शालेपासूनची मैतरीन, रडू पन नको?"

 हळूहळू बाकीच्यांनी जेवण आटोपलं. मीही आटोपलं होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण तुझं पान माझ्यापुढे होतं आणि मी उठल्याशिवाय कुणी उठणार नव्हतं. बाहेर पुरुषांची दुसरी पंगत खोळंबली होती. पप्पा मांडवाच्या तोंडाशी येऊन हात हलवत होते, आटपा, आटपा. नंदाकाकीच्या पानावर सगळं तसंच होतं. मी उठले असते तर तीही उठली असती, तशीच, उष्ट्या हाताने, आणि रस्ता ओलांडून घरी गेली असती.

"तुमी जेवा काकी," मी म्हणाले. "मी बसलीय."

शाळेत मला कधी असं बोलायला शिकवलं नव्हतं. ते तुझं होतं, तसंच्या तसं बाहेर आलं. नंदाकाकीने मान वर केली. मला माफ केल्यासारखं तिच्या तोंडावर काही नव्हतं, तुलाही नाही. पप्पांनी पुन्हा हाक मारली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मांडी नीट घातली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रांगेतलं कुणी उठलं नाही.

काकीने वडा मोडला. अर्धा खाल्ला. मग उरलेला अर्धा.